वाटीतला गणपती आणि पश्चिमेचा रस्ता

परत येऊन बरेच दिवस झाले तरी गाडीच्या डिकीत नलरबोरच्या मैदानाची तांबूस धूळ सापडतेच आहे. मी दोनदा व्हॅक्यूम फिरवला. शोभना म्हणते, राहू दे थोडी. आम्ही घरी पोचलो आणि काही दिवसांतच करोनामुळे सिडनी पुन्हा बंद झालं, त्यामुळे ही धूळ आणि मी, दोघांनाही सध्या घरातच बसायचं आहे. म्हणून लिहायला घेतलं.

सिडनीतल्या आमच्या कॅसल हिलच्या मित्रमंडळींना आम्ही ‘जरा ऑस्ट्रेलिया बघून येतो’ असं सांगितलं होतं. त्या वर्षी सगळेच तसं सांगत होते. देशाची दारं बंद, बाहेर जायचं तर सरकारची परवानगी लागायची, आणि एरवी दर डिसेंबरला पुण्या-मुंबईला पळणारे लोक अचानक या देशाच्या प्रेमात पडून कॅम्परव्हॅनच्या चौकशा करू लागले होते. आमचं कारण वेगळं होतं.

माझी बायको शोभना हिच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब होत चालला आहे. उजव्या डोळ्याचा आधीच गेला, आता डाव्याचा जातो आहे. या दुखण्यात कडेचं सगळं दिसतं आणि मधलं दिसत नाही. ती चालते-फिरते, भाजी चिरते, पण समोरच्या माणसाकडे बघायला गेली की चेहऱ्याच्या जागी करडा डाग असतो. डाव्या डोळ्यात अजून थोडी फट शिल्लक होती. चेहरा अगदी जवळ असला, उजेड सकाळचा असला आणि तिने मान जरा तिरपी केली तर नाक-डोळे ओळखू यायचे. ही फट किती टिकेल ते सांगता येत नाही, वर्ष निघेलसं वाटत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मोबाइलच्या पडद्यावर तर तिला चेहरा दिसतच नव्हता. व्हिडिओ कॉलवर मुलाच्या मागचा पडदा दिसायचा, कॉलर दिसायची, मुलगा नाही.

मुलगा केदार. फिजिओथेरपिस्ट आहे. जर्मनीत, कोळशाच्या खाणी कधीच्या बंद पडलेल्या एका गावात एक फुटबॉल क्लब आहे, तिकडच्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये खेळणारा. त्या खेळाडूंचे घोटे, गुडघे आणि मांड्या तो सांभाळतो. या कामासाठी त्याने सिडनीतली चांगली नोकरी सोडली, जर्मन शिकला, तिकडच्या परीक्षा पुन्हा दिल्या. करोना आला तेव्हा तो तिकडे होता आणि आम्ही इकडे. विमानांत मोजक्याच लोकांना घेत होते. त्याचं तिकीट दोनदा निघालं आणि दोनदा रद्द झालं. आलाच असता तर आधी हॉटेलात कोंडून घ्यायचं आणि मग परत जायला परवानगी मागायची. ती मिळेल याची खात्री नाही, आणि सीझनच्या मधोमध क्लब काही कोणासाठी थांबत नाही.

त्याला आईच्या डोळ्यांचं अर्धंच सांगितलं होतं. ‘इंजेक्शनं चालू आहेत’ इतकंच. पुढचं बोलायचं नाही, अशी मला सक्त ताकीद. शोभना म्हणायची, “त्याने यावं रे, पण मी आंधळी होतेय म्हणून सगळं टाकून येऊ नये. जन्मभर मनात ठेवेल.”

मग राहिला एकच मार्ग, आणि तो माझ्या हातात नव्हता. त्या लीगमध्ये सीझनच्या शेवटी तळाच्या संघांना खालच्या दर्जात ढकलतात. केदारचा क्लब त्या वर्षी तळाशीच गटांगळ्या खात होता. खाली गेला तर खर्च कापायचा म्हणून डॉक्टर-फिजिओंपैकी निम्म्यांची कंत्राटं संपणार होती, आणि नव्याने आलेल्या केदारचं पहिलं. तसं झालं तर तो आपसूक घरी आला असता, कोणी बोलावलं म्हणून नव्हे. तेव्हा स्पष्टच सांगतो, मला माझ्या मुलाची टीम हरायला हवी होती. दर आठवड्याला मी मनातल्या मनात समोरच्या संघाच्या बाजूने ओरडत होतो.

शोभनाने मार्चमध्येच देव्हाऱ्यातला अंगठ्याएवढा पितळी गणपती स्टीलच्या वाटीत पाणी घालून त्यात बसवला होता. आपल्याकडे देव पाण्यात ठेवतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. काम होईपर्यंत त्याला बाहेर काढायचं नाही. काय मागितलंस म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, “ते सांगत नसतात.” मी समजलो की टीम वाचावी म्हणून. आई आहे ती.

तिकडचे सामने आपल्याकडे रात्री पडतात आणि रात्री तिच्या डोळ्याचा काही उपयोग नसतो. म्हणून आमची पद्धत अशी होती की सामन्याच्या दिवशी फोन बंद करून झोपायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा झाल्यावर, उजेडात रेकॉर्डिंग लावायचं. मी जन्मभर पाणीपुरवठ्याचे पंप बसवले. संपून गेलेल्या सामन्यासाठी देव पाण्यात ठेवणं मला पटेना. तसं मी म्हटलंही. ती म्हणाली, “आपल्याला कळला नाही तोवर संपला नाही.”

ईस्टर झाल्यावर दोन इंजेक्शनांच्या मधली मोकळी मुदत होती. डॉक्टर म्हणाले होते, काय बघायचं असेल ते बघून घ्या. तिने गुगल मॅप माझ्यापुढे सरकवला. “जर्मनीला जाऊ देत नाहीत ना? मग त्या बाजूला जमीन असेल तिथपर्यंत जाऊ.” पुढचं इंजेक्शन पर्थला घ्यायचं ठरवलं आणि आम्ही निघालो. गणपतीची वाटी झाकणाला रबरी रिंग असलेल्या डब्यात बसवली होती आणि डबा शोभनाच्या मांडीवर.

बरोसा

साउथ ऑस्ट्रेलियातलं बरोसाचं खोरं म्हणजे द्राक्षांचे मळे आणि दगडी चर्चं. इथे जुन्या काळी जर्मन लोक येऊन वसले. त्यांची आडनावं अजून बेकऱ्यांवर आणि थडग्यांवर आहेत, भाषा मात्र गेली. आम्ही लोर्ना नावाच्या सत्तरीच्या बाईंकडे उतरलो. घराच्या मागच्या दोन खोल्या त्या पाहुण्यांना देतात. पानगळ सुरू झाली होती आणि मळे पिवळे-तांबडे झाले होते. रंगांचे पट्टे शोभनाला छान दिसत. गाडीतून ती मलाच सांगायची, डावीकडे बघ, तिकडे जास्त लाल आहे.

सकाळी लोर्नाबाईंनी तिथला खास केक दिला. खाली यीस्टचा मऊ पाव आणि वर साखर-लोण्याचा जाड चुरा. नानकटाई कुस्करून पावावर टाकल्यासारखा. शोभनाने दोन तुकडे खाल्ले आणि मग आम्ही बाईंच्याच दिवाणखान्यात, त्यांची परवानगी घेऊन, लॅपटॉप टीव्हीला जोडला.

त्या वर्षी तिकडे प्रेक्षकांना मैदानात येऊ देत नव्हते. सगळी स्टेडियम रिकामी. चेंडूला लाथ बसल्याचा आवाज, कोचचं ओरडणं, बाकावरच्या लोकांच्या टाळ्या, सगळं ऐकू यायचं. फिजिओचा धंदा असा की खेळाडूला लागलं तरच तो मैदानात धावतो. एरवी बाकाच्या टोकाला कुठेतरी बसलेला असतो. म्हणून आमच्या घरी सामना बघायची तऱ्हा और होती. कोणाला तरी जरासं लागावं, अशी शोभनाची इच्छा असायची. फार नको, घोट्याला. तेही आपल्याच माणसाला, दुसऱ्यांना लागून काय फायदा. त्या दिवशी कोणालाच काही झालं नाही. नव्वद मिनिटं धडधाकट पुरुष धावले, सामना बरोबरीत सुटला आणि केदार एकदाही दिसला नाही. शोभना वैतागून म्हणाली, “एवढे पळतात, कोणाचं साधं लचकतही नाही.” मी ते लोर्नाबाईंना इंग्रजीत सांगितलं तेव्हा त्या मनापासून हसल्या.

मग त्यांनी विचारलं की ही टीव्हीकडे तिरकं का बघते. कॅसल हिलच्या पंचवीस वर्षांच्या जुन्या मैत्रिणींना जे सांगितलं नव्हतं ते शोभनाने या बाईंना सगळं सांगितलं. लोर्नाबाईंचा मुलगा मँचेस्टरला होता. त्याला मुलगी झाली होती आणि ती यांनी अजून हातात घेतली नव्हती. “प्रत्येकाचं कोणीतरी तिकडे आहे, डिअर,” असं म्हणून त्या आम्हाला चर्चमागच्या दफनभूमीत घेऊन गेल्या. त्यांच्या घराण्यातला पहिला माणूस तिथे आहे, विशीत जहाजाने आलेला. त्याचं, बायकोचं, मुलांचं, सगळ्यांचं नाव दगडावर आहे. लोर्नाबाई म्हणाल्या, “त्याला बंदरावर सोडायला त्याची आई आली होती, एवढं आमच्या घरात सांगतात. तिचं नाव मात्र कोणालाच माहीत नाही.”

शोभना खाली बसली आणि तिने त्या दगडावरची अक्षरं बोटांनी चाचपली. गाडीत बसल्यावर मी रेडिओ लावला नाही.

सेडूना

सेडूना हे समुद्रकाठचं लहान गाव. यानंतर पश्चिमेला मोठं गाव लवकर येत नाही, म्हणून सगळे इथे पेट्रोल, पाणी आणि ब्रेड भरून घेतात. धक्क्यावर एक मासेवाला व्हायटिंग विकत होता. शोभनाने एक मासा उचलला, अंगठा फिरवला, नाकाजवळ नेला आणि म्हणाली, “अरे, ही तर आपली मुडदुशी.” सिडनीतही हा मासा मिळतो, पण कापून, कातडी काढून. अख्खा तिच्या हातात कधी आला नव्हता. हिच्या बोटांना ठाण्याच्या बाजारातली मुडदुशी तीस वर्षांनी आठवत होती. केबिनच्या इवल्याशा ओट्यावर तिने ती कोकमात बुडवून, रव्यात घोळवून तळली. शेजारच्या केबिनमधला म्हातारा वासाने दारात आला आणि प्लेट भरून घेऊन गेला.

सामन्याच्या दुसऱ्या सकाळी माझ्याकडून एक घोटाळा झाला. हवामान बघायला मी फोन चालू केला आणि घरच्या ग्रुपवर ठाण्याच्या पुतणीचा निरोप दिसला, ‘बॅड लक, केदारदादा’. म्हणजे हरले होते. मी फोन खिशात टाकला आणि काहीच माहीत नसल्यासारखा चहा घेऊन बसलो. हरलेला सामना, तोही हवा तसा हरलेला, पहिल्या मिनिटापासून उत्सुकतेचं सोंग आणून बघणं अवघड असतं. समोरच्यांचा पहिला गोल झाला तेव्हा मी ‘अरेरे’ म्हटलं. माझं मलाच ते खोटं वाटलं.  शोभनाचा हात मांडीवरच्या डब्याच्या झाकणावर घट्ट दाबलेला होता. बिचारी घाबरली, असं मला वाटलं.

केदार एकदा धावला, पण पलीकडच्या बाजूला. कुठे आहे, काय करतोय, असं ती विचारत होती आणि मी रेडिओवरच्या निवेदकासारखा सांगत होतो. बॅग उघडली. गुडघा वाकवतोय. आता उठला.

मग नेहमीप्रमाणे फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती आणि तो परतीच्या बसमध्ये होता. केदारला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत, इथल्या सगळ्या मुलांसारखं. ‘आई’, ‘बाबा’ आणि खाण्याच्या पदार्थांची नावं सोडली तर त्याच्या तोंडून मराठी शब्द मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. दर सामन्यानंतर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला.

“आई, डिड यू सी मी?”

शोभना खोटं बोलत नाही. “पाय दिसले,” ती म्हणाली.

तो हसला. त्याचा आवाज दमलेला होता. म्हणाला, असंच चाललं तर आम्ही खाली जाणार आणि मी घरी येणार, निदान तुम्ही दोघं तरी खूश व्हाल. मला एकदम उघडं पडल्यासारखं झालं. शोभनाने त्याला दटावलं, भलतंसलतं बोलू नकोस, नीट जेव आणि झोप.

नलरबोर

नलरबोरबद्दल लोक म्हणतात की तिथे बघायला काही नाही. हे खरं आहे आणि त्यासाठीच तिथे जावं. झाड नाही, टेकडी नाही, घर नाही. निळसर करड्या खुरट्या झुडपांचं मैदान आणि त्यातून गेलेला सरळसोट रस्ता. समोरून मोठा ट्रक येतो तेव्हा ड्रायव्हर स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करतो. पहिल्या दिवशी मी ओशाळत बोट उचललं, दुसऱ्या दिवसापासून आपण होऊन उचलू लागलो. मुंबई-पुणे रस्त्यावर कोणी असं केलं असतं तर मी आधी माझीच हेडलाइट चालू राहिली का ते बघितलं असतं.

मैदान दक्षिणेला एकदम संपतं. जमीन तुटून खाली समुद्रात जाते. सुरीने कापलेला कडा, आणि तो नजर पोचेल तिथपर्यंत तसाच. रेलिंगपाशी वारा इतका होता की मी शोभनाचा दंड धरून उभा राहिलो. व्हेल यायला अजून अवकाश होता, त्यामुळे पाण्यात काहीच नव्हतं. ती मान हळूहळू फिरवत बराच वेळ बघत राहिली.

मग म्हणाली, “इथे तुला जेवढं दिसतंय तेवढंच मला दिसतंय.”

मी समोर बघितलं. डावीकडे कडा, उजवीकडे कडा, वर आभाळ. मध्ये खरंच काही नव्हतं. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा मोकळी हसली आणि मला वाऱ्याचं निमित्त करून डोळे पुसावे लागले.

सीमा

वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर दोन नाकी होती. पहिलं पोलिसांचं. कुठून आलात, कुठे कुठे थांबलात, खोकला-ताप आहे का, परवाना दाखवा. आपण एकाच देशात आहोत यावर विश्वास बसू नये असा थाट. दुसरं नाकं शेतीखात्याचं आणि ते जुनंच आहे. या राज्यात बाहेरची फळं, भाज्या, मध, बियाणं आणू देत नाहीत, कीड येऊ नये म्हणून. लिंबं, आलं, नारळ आणि परसातला कढीपत्ता पोटात न जाता कचऱ्याच्या डब्यात गेला. मेथीदाण्यांचा तर मला विसरच पडला होता. तेही गेले. शोभना प्रत्येक गोष्टीला हात लावून निरोप देत होती.

मग तिथल्या मास्क लावलेल्या अधिकारी बाईंनी मांडीवरच्या डब्याकडे बोट दाखवलं. यात काय? शोभनाने झाकण उघडलं. पाण्यात गणपती आणि त्याच्या डोक्यावर परसातल्या दूर्वा, अजून हिरव्या. बाई वाकून बघत राहिल्या. पाण्यात का, असं त्यांनी विचारलं.

“मी सांगितलेलं काम करेपर्यंत,” शोभनाने त्यांना इंग्रजीत सांगितलं.

मला वाटलं आता पंचाईत होणार. पण बाईंनी मान डोलावली. त्यांची आजी सेंट अँथनीच्या मूर्तीचं तोंड भिंतीकडे करून ठेवायची, हरवलेली वस्तू सापडेपर्यंत. एकदा तर महिनाभर ठेवलं होतं, म्हणाल्या. पाणी चालेल, देव चालेल, पण गवत आत नेता येणार नाही. हातमोजे घातलेल्या दोन बोटांनी त्यांनी एकेक दूर्वा उचलली, मूर्तीला धक्का लागू न देता, आणि वेगळ्या पिशवीत घातली.

आम्ही निघताना त्या म्हणाल्या, तुमचं काम होवो. शोभनाने थँक्यू म्हटलं नाही, आणि ती थँक्यू म्हणायची कधी विसरत नाही. ते मला तेव्हा खटकलं होतं.

पर्थ

पर्थला आम्ही समुद्राजवळ एक लहान युनिट भाड्याने घेतलं. पोचून जेमतेम स्थिर होतोय तोच शहर काही दिवस बंद झालं. कोणाला तरी लागण झाली होती. मग मास्क लावून किनाऱ्यावर एक फेरी आणि बाकी वेळ घरात. शोभनाने पर्थच्या इंडियन दुकानातून मेथीदाणे पुन्हा आणवले.

इंजेक्शनच्या दिवशी तिथल्या डॉक्टरबाईंनी डोळा बराच वेळ तपासला. फट अजून आहे, पण अरुंद झाली आहे, असं त्या म्हणाल्या. थोडे महिने. कोणाला बघायचं असेल तर उशीर करू नका. बाहेर आल्यावर मी म्हटलं, आता मी केदारला सांगणार. शोभनाने रस्त्यातच माझा हात धरून थांबवलं. “एक सामना राहिलाय. तो होऊ दे. मग काय ते बघू.”

शेवटचा सामना असा होता की बरोबरी झाली तरी क्लब वाचणार आणि हरला तर खाली जाणार. त्या संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर बसलो. सूर्य पाण्यात बुडताना बघणं आम्हा पूर्वेकडच्या लोकांना नवं होतं. सिडनीला तो समुद्रातून वर येतो. जर्मनी कुठे, तिने विचारलं, आणि मी पाण्यावरून उजवीकडे हात करून दाखवलं. ती तिकडे मान तिरपी करून बघत बसली. मी मात्र मनात हिशेब करत होतो. हरले, की जूनच्या शेवटी कंत्राट संपेल, तिकीट मिळायला एखादा महिना, मग हॉटेल, म्हणजे ऑगस्टमध्ये केदार समोरच्या खुर्चीत बसेल. फट तेवढी टिकायला हवी.

सकाळी ऊन चांगलं पडलं होतं. तिची खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ ओढली, गणपतीची वाटी डब्यातून काढून स्टुलावर ठेवली. चहा झाला. सामना लावला.

पहिला गोल समोरच्यांचा.  तासाभराने आपल्यांनी बरोबरी केली आणि माझं मन खट्टू झालं. केदारसाठी आनंद व्हायला हवा होता तो झाला नाही, हेही लिहून टाकतो. दहा-पंधरा मिनिटं राहिली असतील. समोरचे सारखे चढाई करत होते. तेवढ्यात आपला उंच बचावपटू पाय धरून पडला. या वेळी अलीकडच्या बाजूला, रेषेला लागून, कॅमेऱ्याच्या जवळ.

केदार धावला. दाढी वाढवली होती त्याने, आणि कपाळावरचे केस मागे गेले होते. मी सांगायला सुरुवात केली. “आला. बॅग टाकली. गुडघ्यावर बसला, पाय हातात...”

“थांब,” शोभना म्हणाली. “बोलू नकोस.”

 रिकाम्या स्टेडियमच्या शांततेत त्या खेळाडूचं विव्हळणं ऐकू येत होतं. लांबून कोणीतरी जर्मनमध्ये ओरडत होतं. आणि त्या सगळ्याखालून, अगदी जवळून, आमच्या केदारचा आवाज आला.

“हळू. हळू. झालं, झालं.”

केदार सात-आठ वर्षांचा असताना शाळेत पडून त्याचा हात मोडला होता. प्लास्टर काढल्यावर रोज संध्याकाळी शोभना त्याच्या आखडलेल्या कोपराला तेल लावून तो उघडायची आणि मिटायची. तो रडायचा. ती हेच म्हणायची, याच चालीत.

“मागे घे,” ती म्हणाली. मी मागे घेतलं. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर तिने थांबवायला सांगितलं. पडद्यावर केदार त्या माणसाचा पाय हातात धरून तसाच थांबला. शोभनाने वाटीत बोटं घातली, गणपती बाहेर काढला आणि स्वच्छ नॅपकिनने पुसायला लागली. सोंडेच्या खाचेतलं पाणीसुद्धा तिने टिपून घेतलं.

“अगं, निकाल लागायचाय अजून,” मी म्हटलं.

“माहीत आहे.”

“मग काढलास कशाला?”

“टीम बुडावी म्हणून बसवला होता त्याला,” ती म्हणाली. “तो घरी यावा म्हणून.”

 इतके दिवस एकाच गाडीत, एकाच खोलीत आम्ही दोघं एकच गोष्ट मागत होतो आणि एकमेकांना सांगत नव्हतो. सेडूनाला डब्यावर दाबलेला तिचा हात मला आठवला. “आणि आता?” मी विचारलं.

“आता नको. त्या माणसाला त्याची गरज आहे.”

“तुझं काय?”

 तिने गणपती एका कोरड्या वाटीत ठेवला आणि सामना लाव म्हणाली.

मी लावला. तो उंच माणूस उठला, आधी लंगडला, मग चालला, मग धावायला लागला. शेवटच्या मिनिटाला गोलच्या तोंडाशी आलेला चेंडू त्यानेच, त्याच पायाने, बाहेर मारला. शिट्टी वाजली. बरोबरी. आपली विटकरी शर्टातली माणसं गवतावर आडवी पडली आणि बाकावरचे सगळे आत धावले. मी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला एकाच वेळी मुलाचा अभिमान वाटत होता आणि ऑगस्टमधली ती रिकामी खुर्ची दिसत होती.

फोन चालू केला तोच वाजला. तिकडे पहाट व्हायची होती पण कोणी झोपलं नव्हतं. मागे गाणी चालली होती, काहीतरी आपटत होतं. शोभनाने फोन कानाला लावला. केदार ओरडूनच बोलत होता, मलाही ऐकू येत होतं.

“आई, डिड यू सी मी?”

 सकाळचं ऊन तिच्या चेहऱ्यावर होतं.

“दिसलास,” ती म्हणाली. “आज अगदी नीट दिसलास.”